पुढची तारीख

शेअर रिक्षात मागे आम्ही चौघं दाबून बसलो होतो. रिक्षा बोईसरहून चिंचणीकडे निघालेली, आणि माझ्या मांडीवर शेजारच्या बाईंची भाजीची पिशवी. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, तुमच्या लिस्टीत आमची तीन टनी चेन पुली सगळ्यात खाली आहे. शेवटच्या पानावर. तिची तारीख परवाच गेली की."

बोलणारे तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तर जास्त भीती वाटली. मी म्हटलं, "सर, लिस्ट तारखेप्रमाणेच लावलीय."

"तेच विचारतोय. कुठल्या तारखेप्रमाणे?"

ही गोष्ट मार्च २०२३ मधली. या एका प्रश्नाने माझे पुढचे तीन आठवडे खाल्ले.

मी साधी बी.कॉम. बाई. लग्न होऊन चिंचणीत आले, मुलगा दहावीला जाईपर्यंत घरच पाहिलं आणि मग एमआयडीसीत एका छोट्या ऑफिसात लागले. हे ऑफिस कारखान्यांतल्या उचलण्याच्या सामानाची तपासणी करून दाखले देतं. क्रेन, चेन पुली, वायर रोपचे स्लिंग, कापडी बेल्ट, डी शॅकल, सगळं आलं. तेव्हा कारखाने अधिनियम १९४८ लागू होता. त्याचं कलम २८ म्हणायचं की माल चढवायच्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी तपासणी झाली पाहिजे. कलम २९ म्हणायचं की क्रेन, साखळ्या, दोर आणि बाकीच्या टॅकलची बारा महिन्यांतून एकदा तरी. काही कारखाने त्याहून कडक असतात, बारा महिन्यांचं सामानही सहा महिन्यांनी दाखवतात. ही चेन पुली त्यातलीच.

तपासणी करणारे इंजिनिअर वेगळे. माझं काम एवढंच की कुणाचं काय कधी येतंय त्याची यादी काढायची आणि कारखान्यांना आधी कळवायचं. माझ्या आधी हे काम एक काका करायचे. जाताना त्यांनी मला जाड रजिस्टर दिलं आणि कॉम्प्युटरवर ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममधली एक फाइल दाखवली. "यात सगळं आहे. इथे क्लिक केलं की वरखाली होतं." माझं शिक्षण तिथे पूर्ण झालं.

फाइलीत प्रत्येक वस्तूची शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख होती, आणि किती महिन्यांनी परत करायची तो आकडा. पुढची तारीख मात्र कुठेच नव्हती. मला वाटलं, काका भरायची विसरले. मी शहाणपणा करून एक नवा रकाना काढला आणि रजिस्टरमधून पुढच्या तारखा हाताने भरायला घेतल्या. दोनशेच्या आसपास भरून झाल्या आणि एका कारखान्याने कळवलं की त्यांची सगळी तपासणी मागच्याच आठवड्यात झाली. शेवटच्या तारखा बदलल्या, पुढच्या तशाच राहिल्या. एकाच ओळीत दोन तारखा, दोघींचं एकमेकींशी पटेना.

हे मी रात्री जेवताना रडगाणं म्हणून सांगत होते. माझे सासरे मांगेला समाजातले, उमेदीची सगळी वर्षं बोटीवर गेलेली. ते म्हणाले, "आम्ही भरतीची वेळ कुठे लिहून ठेवायचो? तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर सहा. पुनवेला बाराच्या आत बाहेर. तिथी बदलली की वेळ आपोआप बदलली."

आठाचे पाऊणपट सहा. मी भाताचा घास हातात धरून बसले. काका विसरले नव्हते तर! जी गोष्ट दुसऱ्या दोन गोष्टींवरून निघते ती लिहून ठेवायची नसते, लागेल तेव्हा काढायची असते. ॲक्सेसमध्ये याला क्वेरी म्हणतात. टेबलात साठवलेलं असतं ते तिथी, आणि क्वेरीत निघते ती भरती.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन लावला. तो विरारला राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने सांगितलं, "मावशी, डेटॲड नावाचं फंक्शन आहे. त्याला सांगायचं की महिन्यांत मोज, इतके महिने, या तारखेपुढे." मी क्वेरीत एक रकाना केला, त्याला नाव दिलं 'पुढचीतारीख', आणि खरोखर सगळ्या पुढच्या तारखा झरझर उतरल्या. असा आनंद मला पहिल्यांदा पुरणपोळी न फाटता तव्यावर पडली तेव्हा झाला होता.

पण तारखा दिसत होत्या अमेरिकेच्या पद्धतीने, आधी महिना मग दिवस. आमच्या ऑफिसचे शेठ म्हणाले, "हे काय, फेब्रुवारीची अठ्ठावीस तारीख की दोन तारखेचा अठ्ठाविसावा महिना? आपल्यासारखं करा." त्याचा इलाज कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये होता, हे मला कुठे ठाऊक? मी भाच्याकडून फॉर्मॅट नावाचं दुसरं फंक्शन घेतलं आणि ते डेटॲडच्या अंगावर चढवलं. आता आपल्यासारखं दिसायला लागलं, दिवस-महिना-वर्ष. खाली 'असेंडिंग' निवडलं, प्रिंट काढली, कारखान्यांना पाठवली. प्रिंटवर नजर टाकली होती मी, असं नाही की नाही टाकली. ०१, ०१, ०१, ०२, ०२, ०३... डावीकडचे आकडे शिस्तीत चढत होते. शाळेतल्या मुलांच्या रांगेसारखे.

फोन आला त्या रात्री मी तीच प्रिंट पुन्हा घेऊन बसले. पहिल्या पानावर ०१-१२-२०२३. त्याच्या खाली ०२-०६-२०२३. पुढे कुठेतरी १५-०४-२०२३. आणि शेवटच्या पानाच्या तळाला २८-०२-२०२३, ती चेन पुली. म्हणजे डिसेंबर वर, एप्रिल मधे, आणि फेब्रुवारी, जो आधीच उलटून गेला होता, तो खाली. रांग लागली होती ती दिवसांच्या आकड्याची. महिन्याकडे कुणी बघितलंच नव्हतं, वर्षाची तर बातच सोडा.

मी भाच्याला विचारलं, "अरे, तारीख म्हणून दिलेली गोष्ट हा तारीख म्हणून का लावत नाही?"

"मावशी, तू फॉर्मॅट केलंस ना, मग ती तारीख राहिली नाही. ती अक्षरं झाली. अक्षरं डावीकडून लागतात, डिक्शनरीसारखी."

"पण दिसतेय तर तारीखच!"

"दिसतेय."

हे 'दिसतेय' माझ्या डोक्यात शिरेना. ते शिरलं शेजारच्या ओट्यावर.

चिंचणीत, वरोरला, वाणगावकडे घरोघरी डायचं काम चालतं हे बाहेरच्या फार लोकांना माहीत नसतं. दागिन्यांची पानं, फुलं, मोती ज्या ठशांतून निघतात ते पोलादी ठसे इथे हाताने कोरतात. संध्याकाळी गल्लीतून जाताना हातोडीची बारीक टकटक येते. आमच्या शेजारचे भाऊ भिंग लावून एका चौकोनी तुकड्यात पान कोरत होते. मी सहज वाकून पाहिलं. पानाच्या शिरा खड्ड्यात, देठ उलट बाजूला. मी म्हटलं, "भाऊ, उलटं झालं की हे." ते हसले. बाजूला पितळेच्या पत्र्यावर दाबून काढलेला नमुना होता, तो माझ्या हातावर ठेवला. त्यात शिरा उठून आलेल्या, देठ सरळ. "वहिनी, माप घ्यायचं ते डायवर. हा पत्रा फक्त बघायला. पत्र्यावर माप घेऊन डाय कोरायला गेलं तर काम वाया."

मी पत्रा हातात फिरवत उभी राहिले. माझी २८-०२-२०२३ म्हणजे हा पत्रा होता. डाय आत कुठेतरी वेगळीच होती, आणि मी रांग पत्र्यांची लावत बसले होते.

ती डाय कशी दिसते तेही भाच्याने दाखवलं. ॲक्सेसच्या पोटात तारीख म्हणजे नुसता आकडा असतो. ३० डिसेंबर १८९९ हा शून्यावा दिवस धरायचा आणि तिथून मोजत यायचं. २८ फेब्रुवारी २०२३ म्हणजे ४४९८५. १५ एप्रिल म्हणजे ४५०३१. १ डिसेंबर म्हणजे ४५२६१. हे तीन आकडे समोर आल्यावर कोण आधी, हे माझा मुलगा पहिलीत असतानाही सांगू शकला असता. (३० डिसेंबर असला अडनिडा दिवस का, तर त्याचीही एक गंमत आहे. एक्सेल १ जानेवारी १९०० ला एक म्हणतं, पण त्यात २९ फेब्रुवारी १९०० नावाचा दिवस आहे, जो कधी उगवलाच नाही. लोटस नावाच्या जुन्या प्रोग्रॅममधली ती चूक एक्सेलने मुद्दाम ठेवली, जुन्या फाइली बिघडू नयेत म्हणून. ॲक्सेसने तो खोटा दिवस घेतला नाही, सुरुवात एक दिवस मागे नेली, म्हणून १ मार्च १९०० पासून दोघांचे आकडे जुळतात. चूक सांभाळत नांदायची ही तऱ्हा सासरी आलेल्या कुठल्याही बाईला कळेल.)

दिवस मोजत येण्याची ही युक्ती ऐकून सासऱ्यांना काही नवल वाटलं नाही. पंचांगवाले हेच करतात, त्याला अहर्गण म्हणतात, असं ते म्हणाले. ठरलेल्या दिवसापासून आजवर किती दिवस गेले तो आकडा. मग मी जरा शोधून वाचलं. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ म्हणजे १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिलं. अहर्गणाचा आकडा फार मोठा होतो आणि हाताने गणित करणाऱ्याचा जीव जातो, म्हणून त्यांनी अकरा अकरा वर्षांची चक्रं पाडली, एका चक्रात ४०१६ दिवस. चक्रं किती झाली ते वेगळं लिहायचं, उरलेले दिवस वेगळे. पाचशे वर्षांपूर्वी आमच्याच किनाऱ्यावरच्या माणसाला हे सुचलं होतं. आणि मी २०२३ मध्ये पत्रे मोजत होते.

वाचता वाचता आमच्या गावच्या ताम्रपटांचंही कळलं. चिंचणीत सापडलेल्या या पत्र्यांपैकी एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ चा. तेव्हा संजाणला त्याच्या वतीने एक अरब अधिकारी कारभार बघत होता, असं त्यात आहे. दुसरा एक शिलाहारांच्या काळचा, शके ९५६ चा. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतं, म्हणजे ९२६ आणि १०३४. मी गंमत म्हणून हे दोन आकडे अक्षरं म्हणून भरले आणि असेंडिंग लावलं. १०३४ वर, ९२६ खाली. एक हे अक्षर नऊच्या आधी येतं ना! शिलाहार राष्ट्रकूटांच्या आधी होऊन गेले, माझ्या कॉम्प्युटरच्या मते. शके तसेच ठेवले असते तर अक्षरांतही क्रम बरोबर लागला असता, दोन्ही तीन आकडी असल्यामुळे. अशी चूक फार वाईट, कारण ती कधी कधी बरोबर उत्तर देते.

असो. इलाज सोपा निघाला. एकच तारीख क्वेरीत दोनदा घ्यायची. एक नुसती, डेटॲडमधून निघाली तशी. तिच्यावर असेंडिंग लावायचं आणि 'शो'ची खूण काढून तिला लपवायचं. दुसरी फॉर्मॅट करून दाखवायला. डाय आत, पत्रा बाहेर.

पण मला आता हुरूप आला होता. भाचा म्हणाला, खिडकीत क्लिक करत बसण्यापेक्षा एसक्यूएल, म्हणजे क्वेरीची भाषा, लिही. त्याने ओळी पाठवल्या, शेवटी 'ऑर्डर बाय पुढचीतारीख'. मी ती क्वेरी चालवली तर एक छोटी चौकट आली. 'एंटर पॅरामीटर व्हॅल्यू', आणि खाली माझंच नाव, 'पुढचीतारीख'. मला वाटलं, विचारतोय बिचारा, कुठली तारीख हवी. मी आजची टाकली. यादी आली. एकदम व्यवस्थित दिसणारी आणि कसलाच क्रम नसलेली. पुन्हा चालवली, उद्याची टाकली. तशीच यादी. तिसऱ्यांदा मी चिडून 'चिंचणी' टाकलं. त्याने तेही निमूट घेतलं आणि तीच यादी दिली!

भाचा खो खो हसला. त्यांच्या कॉलेजात मायएसक्यूएल शिकवतात, तिथे रकान्याला दिलेलं टोपणनाव ऑर्डर बायमध्ये चालतं. ॲक्सेसला ते चालत नाही. त्याला ते नाव टेबलात सापडत नाही, मग तो आपल्यालाच विचारतो, आणि आपण जे सांगू ते सगळ्या ओळींना सारखंच लावतो. सगळ्यांची तारीख एकच झाल्यावर रांग कसली लागणार? तिथे नाव द्यायचं नाही, पूर्ण डेटॲडचं गणितच पुन्हा लिहायचं. मला विचाराल तर ज्या यंत्राला 'हे नाव मला माहीत नाही' असं सरळ म्हणता येत नाही, त्याच्या नम्रपणावर विश्वास ठेवू नये.

बाकीचे खड्डे लहान होते. ऑगस्टच्या २८, २९, ३०, ३१ या चारही तारखांना सहा महिने मिळवले की, पुढचं वर्ष लीप नसेल तर, चौघी २८ फेब्रुवारीलाच येतात, कारण पुढे महिनाच संपतो. त्यांच्यात आधी कोण, याला काही नियम नाही. म्हणून तारखेनंतर कारखान्याचं नाव हा दुसरा क्रम लावला. एसक्यूएलमध्ये दोन हॅशच्या मध्ये तारीख लिहिली तर ती अमेरिकन समजली जाते, म्हणून मी लिहिलेली ०५/०३ म्हणजे ५ मार्च नाही, ३ मे. आणि २५/०३ लिहिलं तर पंचविसावा महिना नसतो, तेव्हा तेवढ्यापुरतं ते समजून २५ मार्च धरतं. मग शेठनी सांगितलं, सगळी यादी नको, येत्या तीस दिवसांतलीच काढा. मी 'आजपासून तीस दिवसांपर्यंत' अशी अट घातली. यादी छान आटोपशीर झाली. पाठवणार, इतक्यात मनात आलं की ती चेन पुली बघू. ती नव्हतीच. तारीख उलटून गेलेली प्रत्येक वस्तू 'आजपासून' या शब्दाने पुसून टाकली होती. आधी निदान शेवटच्या पानावर तरी असायची. मी 'आजपासून' काढलं आणि 'तीस दिवसांपर्यंतचं सगळं' एवढंच ठेवलं.

पुढच्या सोमवारी नवी यादी शेठच्या टेबलावर ठेवली. चेन पुलीची तपासणी एव्हाना झाली होती, तिची तारीख सप्टेंबरवर गेली होती. आता क्रम बरोबर होता, आधी उलटून गेलेल्या, मग या आठवड्यातल्या, मग पुढच्या. फक्त सगळ्यात वर तीन ओळी होत्या ज्यांच्या तारखेच्या जागी काहीच नव्हतं. तीस दिवसांची अट लावताना त्या गळल्या होत्या, कोरी जागा कशाहून लहान नाही आणि मोठीही नाही. मी मुद्दाम 'किंवा कोरी' असं लिहून त्यांना परत आणलं होतं. आणि असेंडिंग लावलं की ॲक्सेस कोऱ्या ओळी पहिल्या ठेवतं.

शेठ म्हणाले, "हे काय? यादी कशी कोऱ्यापासून सुरू होते? वाईट दिसतं. खाली टाका नाहीतर काढून टाका."

भाच्याला विचारलं असतं तर त्याने खाली टाकायची युक्ती सांगितली असती. काही डेटाबेस कोऱ्या आपणहून शेवटी ठेवतात, पोस्टग्रेसक्यूएल तसंच करतं. पण मी तीन आठवडे शेवटच्या पानाचा मार खाल्ला होता. मी म्हटलं, "शेठ, या वस्तूंची शेवटची तपासणीच नोंदलेली नाही, म्हणून पुढची निघत नाही. एकदाही न तपासलेली असेल तर ती सगळ्यांच्या आधीच यायला पाहिजे ना?"

"अहो, नवीन माल असेल. पेटीत पडून असेल."

"विचारून बघते."

पहिल्या ओळीत एक वायर रोप स्लिंग होता. मी त्या कारखान्याच्या स्टोअरला फोन लावला, नंबर वाचून दाखवला आणि विचारलं की हा अजून पेटीत आहे का. स्टोअरकीपरने कागद चाळल्याचा आवाज आला. मग मागे कुणाला तरी हाक मारून काहीतरी विचारलं. मग फोनवर आला.

"तो ना मॅडम? तो तर दोन महिन्यांपासून क्रेनला आहे."